अपरिग्रहाचं कपाट

यंदा २१ जूनला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर योगदिन झाला. संयुक्त राष्ट्रांत डिसेंबर २०१४ मध्ये या दिवसाचा ठराव आला तेव्हा १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते. आमच्याकडे गळक्या टाकीच्या ठरावावर सात सह्या मिळवायला दोन वर्षं लागली, त्यामुळे या १७७ देशांचं मला फार कौतुक वाटतं.

गच्चीवर चाळीसेक माणसं, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट. फोटोवाला ‘हलू नका’ म्हणाला आणि यच्चयावत पोटं आत गेली. फोटो निघेपर्यंत कोणी श्वास सोडला नाही. यालाच कुंभक म्हणतात, असं चेअरमननी नंतर समजावून सांगितलं.

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली. पहिलं यम, दुसरं नियम, आसन तिसरं. दोनशेच्या आतबाहेर असलेल्या सूत्रांपैकी आसनांच्या वाट्याला जेमतेम तीन आली. त्यांत शीर्षासनाचं नावसुद्धा नाही. पण आम्ही फ्लॅटवाले. लिफ्टने थेट तिसऱ्या मजल्यावर उतरलो. यम-नियमांचे खालचे दोन मजले पार्किंगला गेलेत.

यमांची परीक्षाही मग पार्किंगमध्येच झाली. पहिला यम अहिंसा. शवासनातून उठून दहा मिनिटं झाली नसतील, तोच कोणाच्या तरी गाडीमागे कोणाची तरी गाडी आडवी लागलेली सापडली. मघाशी शेजारी-शेजारी मकरासनात पडलेले दोन सद्गृहस्थ एकमेकांच्या पूर्वजांची चौकशी करू लागले. आवाज मात्र नाभीतून येत होते. एवढा फायदा पहिल्याच दिवशी!

दुसरा यम सत्य. योगशिक्षिका सांगत होत्या, ‘जमेल तेवढंच करा.’ सगळ्यांनी जमत नव्हतं तेवढं केलं आणि ‘छे, कुठे दुखतंय!’ म्हणत जिना उतरले. संध्याकाळी औषधाच्या दुकानात बाम घ्यायला सहा जण भेटले. सहाही जण दुसऱ्या कोणासाठी तरी घेत होते. मीसुद्धा.

तिसरा अस्तेय, म्हणजे चोरी न करणं. गच्चीच्या दाराशी काढलेल्या चपलांपैकी तीन जोड गेले. दोन नवे होते; तिसरा माझा.

चोरीवरून हळद आठवली. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट दिलं गेलं. जणू आपल्याकडे कापलेल्या बोटावर आजवर साखर दाबत होते! माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांपासून १९५३ सालच्या वैद्यकीय लेखापर्यंतचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. केवढी लढाई! तीच हळद परवा मुलीने मला एका कॅफेत ‘टर्मरिक लाटे’ म्हणून पाजली. तीनशे वीस रुपये, वर कर. लहानपणी आई नाक दाबून हे फुकट पाजायची आणि मी पळून जायचो. आता बिल बघून पळावंसं वाटलं, पण गुडघे आखडलेले.

ब्रह्मचर्य हा चौथा यम. त्याबद्दल सोसायटीच्या उपविधींत तरतूद नसल्याने विषय पुढच्या सर्वसाधारण सभेकडे ढकलला आहे.

राहिला पाचवा, अपरिग्रह. गरजेपेक्षा जास्त वस्तू साठवू नयेत. हे साधण्यासाठी काय काय लागतं, याची यादी ग्रुपवर आलीच होती : मॅट, मॅटची पिशवी, मॅट पुसायचा फवारा, ताणायचा पट्टा, लोड, तांब्याची बाटली, जीभ घासायची तांब्याचीच पट्टी आणि कॉर्कच्या दोन विटा. १९३७ साली पुण्यात आलेल्या अय्यंगार गुरुजींनी म्हाताऱ्या, आजारी माणसांनाही आसनं करता यावीत म्हणून खुर्ची, दोर, घडी घातलेली घोंगडी अशा साध्या वस्तू हाताशी घेतल्या. आम्ही त्याचा सेट केला. विठोबा अठ्ठावीस युगं एकाच विटेवर उभा आहे. आम्हाला मिनिटभर वाकायला दोन लागतात.

यादीच्या शेवटी मोबाइलवर आपली प्रकृती ओळखण्याची सोय होती. वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, भूक-झोप विचारतो. मोबाइलने बारा प्रश्न विचारले आणि माझी प्रकृती वातप्रधान ठरवली. खाली लगेच अश्वगंधेच्या गोळ्या, तीन डब्यांवर एक मोफत.

‘वातप्रधान निघालो,’ मी घरात जाहीर केलं.

‘त्याला मोबाइल कशाला हवा होता?’ बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली. ‘अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही वातच आणताय.’

असो. चाळीस जणांचं हे अपरिग्रहाचं सामान रोज गच्चीवर चढवायचं-उतरवायचं कसं, यावर कमिटीची तातडीची सभा झाली. गळक्या टाकीला दोन वर्षं लागली, इथे वीस मिनिटांत एकमत. गच्चीवर लोखंडी कपाट बसवायचं, दर फ्लॅटमागे आठशे रुपये. भांडण झालं ते किल्ली कोणाकडे राहणार यावरून. शेवटी दोन कुलुपं लावायचं ठरलं. एकाची किल्ली चेअरमनकडे, दुसऱ्याची सेक्रेटरींकडे. दोघांचं आपसांत बोलणं नाही, त्यामुळे कपाट आजतागायत उघडलेलं नाही. परिग्रह आत, आम्ही बाहेर.

वर्ग मात्र चालू आहे. सतरंजीवर. काल दारावर सेक्रेटरींच्या सहीची नवी सूचना लागली : ‘सर्व सभासदांनी ध्यानाच्या वेळी आपापल्या चपलांवर ध्यान ठेवावे.’

आज पहिल्यांदाच सगळ्यांचं चित्त एकाग्र झालं होतं.