काकू अण्णांच्या वाड्याला जाऊन आल्या म्हणे!

ऐकलंत का? आमच्या भिलाईच्या सेक्टर सहाच्या काकू कोकणात जाऊन आल्या. गणपतीपुळे? छे हो! दुर्गहून मुंबई, मुंबईहून कोकणकन्या, सावंतवाडी रोडला उतरून रिक्षा आणि थेट आकेरी. कशाला, तर अण्णा नाईकांचा वाडा बघायला!

ही बातमी मला सिविक सेंटरला, गुपचुपच्या ठेल्यावर लागली. भिलाईत पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. बातम्या मात्र त्या ठेल्यावर अजिबात गुपचुप राहत नाहीत. सांगायला स्वतः काकूच हजर, एका हातात द्रोण आणि दुसऱ्या हातात मोबाईल.

अण्णा म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेतले ते. 2016 साली ती झी मराठीवर सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून केवढी ओरड झाली होती! पहिल्या भागात अण्णा सुरुवातीलाच गेलेले. पण लोकांना मेलेल्या माणसाचीच ओढ फार, म्हणून 2019 मध्ये दुसरा भाग काढून मालिका मागच्या काळात नेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा धडधाकट उभे केले. (माझ्या मते खरी मालिका तीच.) घरात माईसारखी सोशिक बायको, बाहेर शेवंता, वर जमिनी लाटणं, माणसं मारणं. असला माणूस आमच्या ब्लॉकमध्ये राहायला आला असता, तर त्याच्याविरुद्ध सह्या गोळा करत पहिल्या काकूच फिरल्या असत्या. आणि त्याच्या पायरीवर फोटो काढायला दोन दिवसांचा प्रवास!

काकूंच्या घरात तर कहरच. काकू मूळच्या वर्धेकडच्या, काका नागपूरचे. पण मालिकेतल्या पांडूचं ‘इसारलंय’ दोघांच्या तोंडात असं बसलंय की भाजीवाल्यानं कोथिंबीर द्यायची राहिली तरी काकू तेच म्हणतात. काका जावयाला दारात विचारतात, “इलास का बे?” मालवणीला असं नागपुरी शेपूट लागलेलं ऐकून कुडाळकडच्या माणसाला भोवळच यायची.

“पण बाई, एवढं काय आहे त्या घरात?” मी विचारलं.

“घर खरं आहे ते,” काकू म्हणाल्या. “बाकीच्या सिरीयलीत दार आपटलं की भिंत हालते. इथं पाऊस पडला की कौलं ओली दिसायची.”

बाकी हे पटलं. आम्ही पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांत वाढलेली माणसं. भट्टी 1959 मध्ये पेटली, तिच्या आगेमागेच ही घरं उठली. सगळी एका साच्यातली, दारावर नंबर. ना पडवी, ना माजघर, ना पणजोबांनी बांधलेली विहीर. असल्या घरात भूत तरी कुठून येणार? रिटायर झालं की क्वार्टर खाली करावं लागतं. भुतालाही मुदतवाढ मिळायची नाही.

मग काकूंनी फोटो दाखवला. उतरतं कौलारू छप्पर, समोर पायऱ्या, आणि पायरीवर आमच्या काकू: पदर खोचलेला, हात पाठीमागे, मान किंचित वाकडी, डोळे वटारलेले. हुबेहूब अण्णा! हळदीकुंकवाला वाणाची पिशवी धरून खाली मान घालून बसतात त्याच या, हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला खरं वाटणार नाही.

“माईसारख्या का नाही उभ्या राहिलात?” मी म्हटलं.

“चाळीस वर्षं तशीच तर उभी आहे,” काकू म्हणाल्या आणि पुढचा फोटो सरकवला. “आता हे बघ, हे शेवंतासारखं...”

अगं बाई! पदर कुठे, नजर कुठे! मी फोन उलटा करून ठेल्यावर ठेवला. तेवढ्यात इतका वेळ निमूट बटाटा भरणाऱ्या ठेलेवाल्यानं मान वर केली. “आंटीजी, ये शेवंता कौन है?”

आम्ही दोघींनी एकाच वेळी सूखी गुपचुप तोंडात टाकली.