सार्वकालिक संघाच्या निवड समितीस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
मुंबईचा सार्वकालिक सर्वोत्तम संघ निवड समिती (स्वयंनियुक्त),
शिवाजी पार्कचा कट्टा, दादर (पश्चिम).

विषय : संघनिवडीबद्दल अभिनंदन आणि काही किरकोळ हरकती.

महोदय,

दोन कटिंग संपायच्या आत आपण मुंबईचा सार्वकालिक संघ निवडून मोकळे झालात, याबद्दल प्रथम अभिनंदन. या शहराने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला, त्यात १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा. एवढ्या गर्दीतून अकरा माणसे उचलायला दुसऱ्या कुणाला आठवडा लागला असता. आपला निकष मात्र सुटसुटीत : ज्याचा खेळ मोबाइलवर बघायला मिळतो, तो खेळाडू, बाकीच्या अफवा. त्यामुळे रंगीत टीव्हीच्या आधीचे सगळे मैदान झाडून साफ झाले. गावसकर तेवढे वाचले. तेही समालोचनात अजून दिसतात म्हणून असावेत.

विजय मर्चंट आपल्याला चालले नाहीत. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ७१.६४, वर एकटे ब्रॅडमन. आपले म्हणणे, आजच्या दीडशेच्या वेगापुढे ते टिकले नसते. शक्य आहे. पण मग न्याय दोन्ही बाजूंनी करू. आपल्या अकरा जणांना जुलै महिन्यात कांगा लीगच्या सामन्यात उतरवू. वर पाऊस, खाली उघडी ओली खेळपट्टी, आउटफील्डमध्ये घोट्याएवढे गवत. उंच फटका मारला नाही तर चेंडू सीमेपर्यंत जात नाही आणि मारला तर झेल जातो. टिकणे-न टिकणे यावर त्यानंतर बोलू. जाता जाता एक आठवण. १९७१ साली अध्यक्षाचे जादा मत टाकून पतौडींच्या जागी वाडेकरांना कर्णधार केले, ते निवड समितीचे अध्यक्ष मर्चंटच. त्या वर्षी आपण वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्येही मालिका जिंकलो. समितीत असे एखादे डोके असले तर उपयोग होतो, एवढेच सुचवायचे होते.

विनू मांकड यांना आपण ‘मूळचे जामनगरचे’ म्हणून वगळलेत. जन्मदाखला बघूनच संघ करायचा तर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनाही गाडीत बसवून द्यावे लागेल, आणि मग वेस्ट इंडिजमधल्या ६४२ धावा गोव्याच्या खात्यात जातील. तसे मांकडांना वगळण्याची प्रथा जुनीच. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यासाठी खऱ्या निवड समितीनेही त्यांना जागेची हमी दिली नाही. ते तिकडेच हॅस्लिंग्डनच्या क्लबकडून लीग खेळत राहिले. लीड्सला आपले चार गडी शून्यावर गेले, मग धावाधाव झाली आणि क्लबकडून त्यांना मागून आणले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, एका डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना आपण हरलोच; पण त्या पाच दिवसांत बाकीचे दहा जण काय करत होते, हे शोधावे लागते. आपल्याला लॉर्ड्सची नव्हे, निदान लीड्सची तरी आठवण व्हावी.

आता मुख्य हरकत. पद्माकर शिवलकरांचे नाव आपल्या चर्चेतसुद्धा आले नाही, कारण ‘ते इंडिया खेळलेले नाहीत’. बरोबर, नाहीतच खेळले. पुढे बेदी उभे होते. आपण मात्र भारताचा संघ निवडत नव्हता, मुंबईचा निवडत होता! १९७३च्या मार्चअखेर चेपॉकवर रणजीची अंतिम लढत झाली. समोर तमिळनाडू, त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, खेळपट्टीवर चेंडू हातभर वळतो आहे. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या धावांत सामना वाचवायचीही पंचाईत. शिवलकरांनी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच बळी घेतले. तमिळनाडू ८० आणि ६१. पंधरावा करंडक असा आला. कारकिर्दीत ५८९ बळी, कसोट्या शून्य. खऱ्या समितीची अडचण तरी समजते. बेदी असताना दुसरा डावखुरा फिरकीपटू खेळवायचा कुठे? आपल्या कल्पित संघात बेदी नाहीत, कोटा नाही, मानधन नाही, वरून फोन नाही. तरीही आपण तीच चूक फुकटात करून दाखवलीत. शिवाय एकनाथ सोळकरही नसल्याने फॉरवर्ड शॉर्ट लेग मोकळा आहे. २७ कसोटींत ५३ झेल घेणाऱ्या माणसाची जागा कोण घेणार, हेल्मेट?

पळवणकर बाळू यांच्याविषयी मी आपल्याला दोष देत नाही. रणजी करंडक सुरू होण्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेऊन आले तरी जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. पुण्यात चहासुद्धा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, तेही १९२३ साली. बाळूंना बाहेर ठेवून आपण परंपरेला धक्का लावलेला नाही, याची नोंद घेतली आहे.

तरी विनंती की आपल्या संघातला एक फलंदाज (कोणता ते कट्ट्यावर भांडून ठरवावे) कमी करून शिवलकरांना तातडीने घ्यावे. शॉर्ट लेगला सोळकर. पहिली षटके कुणीही टाकावीत, चेंडूची चमक जाण्यापुरतीच त्यांची गरज आहे.

आपला,
नॉर्थ स्टँडमधला एक प्रेक्षक

ता. क. बारावा खेळाडू ठरला नसल्यास अमोल मुझुमदार यांचा विचार व्हावा. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळी ६६४ धावांची भागी करत असताना पुढचे फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेले तेच. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, भारताची टोपी मिळाली नाही. २०२५ साली नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते.