एअर धरलीया!

उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात गाड्या नंबराला लागल्या, की तिथं मामा असतोच. त्याची गाडी रांगेत असते असं नाही. बहुतेकदा त्याला गाडीच नसते. कुठल्या तरी काळात त्यानं ट्रक चालवलेला असतो, पुढं डोळ्यांनी किंवा मालकानं दगा दिलेला असतो. आता शेकोटी आणि दुसऱ्याचं इंजिन यांवर त्याचा हंगाम निघतो. चहाचा खर्च ज्याची गाडी बंद पडेल त्याच्याकडं.

पहाटे रांग पुढं सरकते. कुणीतरी सेल्फ मारतो. इंजिन घुरघुरत फिरतं, फिरतच राहतं, पण गाडी काही घेत नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागतात. रांग चुकली तर ऊस उन्हात वाळणार, वजन घटणार, म्हणून ड्रायव्हरचा जीव वरखाली होत असतो. अशा वेळी शेकोटीपाशी बसलेला मामा हातावरचा तंबाखू शांतपणे मळून पूर्ण करतो, चिमूट दाढेत ठेवतो आणि जागेवरनं न उठता निकाल देतो, "एअर धरलीया."

गाडी कुठली, मॉडेल कुठलं, हे त्यानं पाहिलेलं नसतं. कित्येकदा आवाज नेमका कुठल्या गाडीचा, हेसुद्धा माहीत नसतं.

तरीही मामाला हसण्यात अर्थ नाही, कारण जुन्या गाडीच्या बाबतीत त्याचं बोलणं पुष्कळदा खरं निघतं. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थानं ऑग्सबर्गमध्ये १८९७ साली जे इंजिन नीट चालवून दाखवलं, त्याचं सगळं इंगित दाबण्यात होतं. आजही पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापल्या हवेत नोझलनं डिझेलचा फवारा सोडला, की ते आपोआप पेटतं. पण नोझल उघडायला जुन्या गाडीतही दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, आणि तो पंपानं डिझेलमधूनच पोचवायचा असतो. मधे हवेचा बुडबुडा शिरला, की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझल तोंड उघडत नाही. टाकी तळाला गेली, फिल्टर बदलताना हयगय झाली, बोल्टाखालचा तांब्याचा वायसर झिजला, एवढं निमित्त पुरतं. हे सगळं मामा पाच शब्दांत सांगतो, "हवा दबती, डिझेल दबत न्हाई." अभियांत्रिकीच्या वर्गात या पाच शब्दांना एक तास जातो.

निदान झालं, की उपचार. मामाचे दोन्ही हात पाठीमागं बांधलेले असतात; पान्याला तो स्वतः कधी हात लावत नाही. किन्नराला केबिनखाली घालतो, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायला लावतो आणि म्हणतो, "मार पंप." किन्नर अंगठ्यानं हातपंप दाबत राहतो. स्क्रूच्या कडेनं आधी नुसती फुसफुस होते, मग फेस येतो, पिवळट, साबणासारखा. मामा गुडघ्यावर हात टेकून त्या फेसाकडं बघत असतो. फेस विरत जातो, बुडबुडे मोठे आणि विरळ होतात आणि अखेर डिझेलची अखंड, काचेसारखी धार लागते. "आवळ!" मामा ओरडतो. डिझेल किन्नराच्या कोपरापर्यंत ओघळलेलं असतं. मग सेल्फ, मग धडधड, मग चहा.

मामाला प्रतिस्पर्धीही असतात. एकाचा धक्क्यावर विश्वास. उसानं भरलेली गाडी ढकलायला तो दहा माणसं गोळा करतो. मामा त्याच्याकडं करुणेनं बघतो. "आरं, सेल्फ फिरीवतोय न्हवं इंजान? धक्का त्येच करणार की." बरोबरच आहे. बॅटरी उतरली असेल तर धक्का. इंजिन झपाट्यानं फिरत असताना धक्का म्हणजे नुसता व्यायाम. दुसरा असतो तो पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरशी धरणारा. त्यात पेट अवेळी बसून इंजिनाचंच नुकसान व्हायचं, पण बोळेवाल्याला भडका आवडतो.

खरा मिस्त्री मोटरसायकलवरून येतो आणि काही बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष. तो आधी सायलेन्सरपाशी जातो आणि सेल्फ मारायला सांगतो. पांढरा धूर निघाला, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही: थंडी, मंद फिरणारा सेल्फ, नाहीतर गेलेलं कॉम्प्रेशन. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. एवढी सोपी खूण, पण मामा सायलेन्सरकडं कधी फिरकत नाही. धूर दिसला तर निदान बदलावं लागेल.

एकदा एका जुनाट ट्रकची मामानं पुन्हापुन्हा एअर काढवली. धार निर्मळ, बॅटरी रडकुंडीला आलेली, गाडी ढिम्म. धूर टिपूसभर नाही. मिस्त्रीनं बॉनेटखाली हात घातला. जुन्या गाड्या बंद करायला दट्ट्या ओढायचा असतो. त्याची केबल पंपावरची दांडी खेचते आणि डिझेल तोडते. रात्री गाडी बंद करताना ओढलेली केबल गंजामुळं परत गेलीच नव्हती. मिस्त्रीनं बोटानं दांडी मागं सारली आणि इंजिन लागलं. सगळ्यांनी मामाकडं पाहिलं.

"त्येच म्हंतोय मी," मामा म्हणाला, "स्टॉपर अडाकला की एअर धरतीच."

मिस्त्री गप्प राहिला. त्याला रोज याच यार्डात यायचं होतं.

मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचं युग आलं. कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर दाब. गळतीवर बोट धरलं तर डिझेलची चिळकांडी कातडी फोडून आत शिरेल. क्रँक सेन्सर, रेल सेन्सर, कॉम्प्युटर. रेलमध्ये पुरेसा दाब आहे असं कॉम्प्युटरला वाटल्याशिवाय नोझल उघडायचा हुकूमच सुटत नाही. मामाचा हंगाम संपला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

परवा असलीच एक नवी कोरी गाडी रांगेत अडली. सेल्फ फिरतोय, गाडी घेत नाही. मामानं सवयीनं निकाल दिला. तरण्या ड्रायव्हरनं ऐकलंही नाही, फोन लावला. दुपारी इस्त्रीचा टी-शर्ट घातलेला पोरगा स्कॅनर घेऊन आला. वायर जोडली, पडदा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "रेल प्रेशर लो दाखवतंय." मामा पाठीमागं हात बांधून उभा. पोरानं डिझेलची लाइन टाकीपासून तपासत आणली, फिल्टरपाशी थांबला, नवा फिल्टर कधी बसवला ते विचारलं आणि हातपंप मारून स्क्रू सैल केला.

फुसफुस झाली. मग फेस आला.

मामानं तंबाखू थुंकला. "पोरा, ह्यो डबा केवढ्याला पडला म्हणायचा?"

पोरानं आकडा सांगितला.

"आन् च्या दोन सांग," मामा ड्रायव्हरला म्हणाला. "एक ह्येला."