पंखा पाचवर

डिसेंबरातली पुण्यातली पहाट, पारा 10 अंशांच्या आसपास, आणि आमच्या खोलीत पंखा पाचवर. पंख्याखाली चादर लाथाडून मी. शेजारी कानटोपी, स्वेटर आणि दोन रजया यांच्या आत कुठेतरी आमचे हे. "अगं, निदान तीनवर तरी कर," रजईतून आवाज येतो. दया येऊन मी करते. दोन मिनिटांत कुणी चुलीतलं लाकूड पुढे सारावं तशी छातीपासून टाळूपर्यंत आग चढते. पुन्हा पाच. मग घाम वाळतो, हुडहुडी भरते आणि मी यांची रजई ओढू लागते. खरं भांडण तिथे सुरू होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा शरीराचा रेग्युलेटर असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तो फार हळवा होतो. अंग जरासं तापलं तरी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगवतो आणि घाम सोडतो. थोडक्यात, आमच्या सोसायटीचा वॉचमन. मांजर आलं तरी शिट्टी!

सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच ती 'गेली' म्हणायचं. माझी अकराव्या महिन्यात उगवली. निरोपाचे लाडू घेऊन निघालेला पाहुणा गाडी चुकली म्हणून दारात हजर व्हावा, तशी. मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मग हाडांची डेक्सा तपासणी झाली. टी-स्कोअर उणे 1.8. शाळेत गणितात कमी गुण पडले, पण उणे कधी पडले नव्हते. उणे 2.5 ला हाडं ठिसूळ झाली म्हणतात. मी वाटेवर होते. हे बँकेत असल्यामुळे त्यांना लगेच समजलं. "म्हणजे तिशीपर्यंतची ठेव, त्यावर आता नुसते विथड्रॉवल!" म्हणाले. चुकीचं नव्हतं. हाड पोखरणाऱ्या पेशींना इतकी वर्षं इस्ट्रोजेनच धाकात ठेवत होतं. तेव्हापासून घरात नाचणीची भाकरी, नाचणीचं आंबील, नाचणीचे लाडू. हाडांवर भार पडायला हवा म्हणून मला लिफ्ट बंद. यांची हाडं शाबूत, तरी ते लिफ्टने येतात आणि तिसऱ्या मजल्यावर माझं स्वागत करतात.

शिंकेबद्दल मात्र मला कुणीच सावध केलं नव्हतं. ओटीपोटाखालचे स्नायू सैलावतात म्हणे. हल्ली शिंक येतेय असं वाटलं, की मी भर भाजीबाजारात पाय जुळवून 'सावधान'मध्ये उभी राहते. भाजीवाल्या मावशी काही विचारत नाहीत. त्याही तशाच उभ्या असतात.

सासूबाई 80 च्या. हे सगळं ऐकून म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं."

"आई, तू चातुर्मासात जमिनीवर झोपायचीस ना?" यांना अचानक आठवलं. "पण माघातसुद्धा झोपलेली आठवतेस मला. उघड्या फरशीवर, सतरंजीही नाही. चार-पाच वर्षं तरी. सगळे म्हणायचे, केवढं कडक व्रत!"

सासूबाई बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.

"घरात पंखा एकच होता," त्या म्हणाल्या, "तो मामंजींच्या खोलीत. फरशी शहाबादी होती. गार असते गं ती."