कॅमेरा कपाटात, कोर्स जोरात

विद्यापीठात पोर्ट्रेट फोटोग्राफीचा कोर्स काढायचा तर आधी विद्यार्थी लागत नाहीत, समिती लागते. तिच्यात कॅमेरा हाताळलेला माणूस नसला तरी चालेल. डेड स्टॉक रजिस्टर हाताळलेला हवाच. पोर्ट्रेटला ८५ मिमीची लेन्स बरी, असं कुणी सुचवतं. सर्वांत कमी दरात बसते ती मात्र कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५. मग सामान लोखंडी कपाटात, किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. पावसाळ्यात बंद लेन्सवर बुरशी जाळं विणते. ओल धरू न देणारी पेटी मागितली, तर तिचा खर्चाचा 'हेड' वेगळा!

१८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणांनी पुढं स्वतःचा स्टुडिओ चालवला. तेव्हा काचा नि रसायनं सांभाळावी लागत, आता सह्या.

इकडं नागपूरच्या जरीपटक्यात, फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी उभ्या केलेल्या या बाजारात, एखादा स्टुडिओवाला थर्मोकोलचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली धरतो, कपाळावरचा घाम टिपायला रुमाल पुढं करतो आणि म्हणतो, "साईं, मान जरा डावीकडं." डोळ्यांखालची सावली गेली! आपल्याकडं हा धडा तिसऱ्या सत्रात, तोही उपकरणांच्या उपलब्धतेनुसार.

कोर्सच्या उद्घाटनाचे फोटो काढायला शेवटी असाच कुणी बोलवावा लागतो. त्याचं बिल परत येतं: सोबत तीन कोटेशनं जोडलेली नाहीत.