माहितीसाहेब

सरकार बोलते कसे, या प्रश्नाचा ऊहापोह राज्यशास्त्राच्या ग्रंथांत फारसा आढळत नाही. परंतु सातारा किंवा सांगली येथील एखाद्या दैनिकाच्या कचेरीत सायंकाळी पाच ते सात या वेळात जो मनुष्य निवांत बसला असेल, त्याला त्याचे उत्तर पाठ असते. सरकार कंसातून बोलते. ‘सांगली, दि. ५ (जिमाका)’ अशी सुरुवात दिसली, की मुरलेला उपसंपादक मजकूर न वाचता त्याची केवळ लांबी मोजतो, आणि मुरलेला वाचक लांबीही न मोजता पान उलटतो. जिल्हा माहिती कार्यालय या भारदस्त नावाचा हा तीन अक्षरांत उतरवलेला अर्क होय. आणि त्या कंसाच्या आत जो सद्गृहस्थ आपली हयात कंठतो, ज्याचे लेखन जिल्ह्यातील झाडून सारी वृत्तपत्रे छापतात परंतु ज्याचे नाव त्यांतले एकही छापत नाही, तो जिल्हा माहिती अधिकारी, म्हणजेच पत्रकारांचा आणि शिपायांचा ‘माहितीसाहेब’.

साताऱ्याचा माहितीसाहेब निराळा आणि सांगलीचा निराळा, हे आस्थापनेच्या दप्तरापुरते खरे आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दप्तरांची वाटणी झाली, कारकुनांची झाली, खुर्च्या-मेजांचीही झाली असेल. पण सरकारी निवेदनाची भाषा मात्र अद्याप अविभक्त कुटुंबासारखी नांदते आहे, आणि तिचा कर्ता पुरुष कोणत्याही बाजूस पाहिला तरी सारखाच दिसतो. वय पन्नाशीकडे झुकलेले, खिशाला दोन पेने, हातात दोन भ्रमणध्वनी, आणि चेहऱ्यावर नुकताच कोणीतरी रागावून गेल्याचा अथवा आता कोणीतरी रागावणार असल्याचा भाव.

पदनामानेच या गृहस्थाचा घात केला आहे. २००५ मध्ये माहितीचा अधिकार कायद्याने आला, कचेरीकचेरीतून ‘जन माहिती अधिकारी’ नेमले गेले, आणि तेव्हापासून दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक डकवलेले अर्ज घेऊन माण-खटावकडची आणि जत-आटपाडीकडची माणसे चुकून याच्याच दारी येऊ लागली. “माहितीचं सायेब तुमीच न्हवं?” असे म्हणत एखादा म्हातारा आपल्या फेरफाराची कैफियत मांडू लागतो, आणि चहा पाजून त्याची समजूत घालावी लागते, की बाबा, विचारलेली माहिती तीस दिवसांच्या मुदतीत देणारा अंमलदार तो वेगळा, मी न विचारलेली माहिती त्याच दिवशी देणारा.

त्याची खरी विद्वत्ता क्रियापदांत आहे. बोलणे ही एकच क्रिया सामान्य मनुष्य एकाच शब्दात आटोपतो. माहितीसाहेब मात्र ती बोलणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे अशी बारकाईने विभागतो, की मोगल दरबारातल्या मनसबदारीचा विस्तारही तिच्यापुढे ढोबळ वाटावा. मंत्री ‘प्रतिपादन’ करतात, पालकमंत्री ‘निर्देश’ देतात, जिल्हाधिकारी ‘आवाहन’ करतात, पोलीस अधीक्षक ‘इशारा’ देतात, प्रांतसाहेब ‘सूचना’ करतात आणि तहसीलदार ‘माहिती’ देतात. ग्रामसेवकाच्या पायरीपर्यंत येता येता कोशातली क्रियापदे संपलेली असतात, म्हणून तो केवळ ‘उपस्थित’ असतो. कामांचेही तसेच. चालू असलेले काम युद्धपातळीवर असते, बंद पडलेले काम प्रगतिपथावर असते, आणि जे अद्याप मंजूरच झालेले नाही त्यासाठी शासन कटिबद्ध असते. ही भाषा रुक्ष आहे असे म्हणणारांनी ती एकदा लिहून पाहावी. एका आमदाराला ‘मत व्यक्त’ करायला लावून दुसऱ्याला ‘प्रतिपादन’ बहाल केल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनीवर जे ऐकावे लागते, ते कोणत्याही प्रसिद्धीपत्रकात बसणारे नसते. त्यातून सातारा हे छत्रपतींच्या गादीचे शहर. तेथे राजघराण्यातले लोकप्रतिनिधी, मंत्री, खासदार आणि झाडून सारे आमदार यांची नामावळी रचताना राजशिष्टाचाराची पुस्तिका उजव्या हाताला आणि आम्लपित्ताची गोळी डाव्या हाताला ठेवावी लागते.

सांगलीची गोष्ट आणखी गमतीची. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ याच गावी रंगभूमीवर आणले, आणि त्या खेळांची रीत अशी होती, की पदे सगळी सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी भाषणे आयत्या वेळी सुचतील तशी करायची. आजच्या सरकारी समारंभात भाषण सूत्रधाराने लिहून द्यायचे असते, पात्राने ते हाती धरायचे असते, आणि प्रत्यक्षात आयत्या वेळी सुचेल तेच बोलायचे असते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत फरक पडला तो इतकाच, की सूत्रधार आता रंगमंचावर दिसत नाही. स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनासाठी पालकमंत्र्यांच्या संदेशाचा मसुदा तो पंधरा दिवस आधी सिद्ध करू लागतो. कृषी, सहकार, आरोग्य, पाटबंधारे अशा विभागांना स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे धाडतो. आलेल्या हेक्टरांची, कोटींची आणि लाभार्थ्यांची बेरीज जुळवतो. आणि १५ ऑगस्टला सकाळी मंत्रिमहोदय त्यातली तीन वाक्ये वाचून ‘बाकी तुम्हाला सगळं माहितीच आहे’ असे म्हणतात. वृत्तपत्रांत मात्र संदेश समग्र छापून येतो, कारण तो आदल्या सायंकाळीच रवाना झालेला असतो.

किंबहुना घटनेच्या आधी बातमी लिहून ठेवणे, हाच या पेशाचा पाया आहे. उद्घाटन सकाळी अकराला असेल, तर ते ‘उत्साहात संपन्न’ झाल्याचे वृत्त दहा वाजताच तयार असते. उरतो तो टाळ्यांचा भाग. पंचाईत होते ती मंत्री आलेच नाहीत म्हणजे. परंतु अलीकडे त्यावर ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे’ हा रामबाण निघाला आहे. मग रात्री पत्रकारांच्या व्हॉट्सॲप गटावर पहिली बातमी पडते, पाठोपाठ ‘सुधारित’, मग ‘अंतिम’, मग ‘अंतिम सुधारित’, आणि साडेअकराच्या सुमारास ‘कृपया हीच बातमी घ्यावी’ अशी आर्जवी पुस्ती. “सायेब, पान लागलं की हो!” असे उत्तर येते, आणि त्यानंतरची शांतता साहेबांना झोपू देत नाही.

छायाचित्राचा मामला याहून नाजूक. एखाद्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरची किल्ली देण्याचा कार्यक्रम घ्या. हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली, आणि तिला हात लावणारे अकरा मान्यवर. छायाचित्रकार स्टुलावर, माहितीसाहेब त्याच्या खांद्यामागून हळूच “साहेब, थोडे इकडे” असे पुटपुटतो आहे. छायाचित्राखालच्या ओळीत ‘डावीकडून’ म्हणून अकराही नावे हुद्द्यांसह येतात, आणि ज्याचा ट्रॅक्टर तो गडी शेवटी ‘लाभार्थी’ एवढ्या एका शब्दात मावतो. दुसऱ्या दिवशी उपसरपंचाचा फोन ठरलेलाच. “सायेब, बातमीत नाव हाय, पर फोटूत माझं नुसतं कोपार आलंय!” साहेब शांतपणे सांगतो, की बापू, पुढच्या खेपेला किल्लीच्या पुढच्या टोकाला धरा. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते, तेव्हा साऱ्यांच्या नजरा धावणाऱ्या अश्वावर खिळलेल्या असतात. एकटा माहितीसाहेब अश्वाकडे पाठ करून, पाहुण्यांच्या कपाळी बुक्का लागला की नाही ते पाहत असतो.

सकाळ उगवते ती कात्रणांनी. वृत्तपत्रे चाळून ‘प्रतिकूल वृत्त’ बाजूला काढायचे, त्याची फाइल जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायची आणि संबंधित खात्याकडून ‘वस्तुस्थितीदर्शक खुलासा’ मागवायचा, हा नित्यक्रम. रस्त्यातल्या खड्ड्यांची बातमी पहिल्या पानावर तीन स्तंभांत आलेली असते. खुलासा आठ दिवसांनी निविदांच्या शेजारी येतो. आणि ज्यांना खड्डे ठाऊक नव्हते त्यांना ते त्या खुलाशातून कळतात. याखेरीज ‘लोकराज्य’चे वर्गणीदार, अधिस्वीकृती पत्रिकांचे अर्ज, जाहिरात आम्हालाच का नाही म्हणून रुसलेले साप्ताहिकांचे मालक, ही प्रकरणे आहेतच, त्यांचा पाढा वाचत नाही.

हे सारे ज्या प्रजेसाठी करायचे, ती प्रजाही साधी नव्हे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच खेड्यांतून न्यायनिवाडे केले. इंग्रज सरकारने नानांच्या शिरावर इनाम लावले, आणि मुलखाने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. सरकारी निवेदन ऐकून मान डोलवायची आणि निर्णय घरी जाऊन करायचा, ही येथली रीत तेव्हापासून पक्की असावी. कोयनेचेच पाहा ना. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण पाटण खोऱ्यात अजून ताजी आहे. त्यामुळे लहानसा धक्का बसला तरी ‘कोयना धरणास कोणताही धोका नाही’ असे तातडीचे निवेदन निघते, आणि तोवर भांडी का वाजली याचाच विचार करणारी माणसे ते वाचून धरणाचा विचार करू लागतात. यात माहितीसाहेबाचा दोष नाही. धोका नाही हे धोक्याचे नाव न घेता सांगण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

पण पावसाळ्यात या माणसाची लेखणी पार बदलते, हे नमूद केले पाहिजे. १०५ टीएमसींचे कोयना धरण भरत आले, वक्र दरवाजे उचलले गेले, इकडे सांगलीत ‘अलमट्टीतून किती सोडलंय?’ हा प्रश्न मारुती चौकापासून हरिपूरपर्यंत तोंडोतोंडी झाला, की प्रतिपादन, कटिबद्धता, दिमाख ही सारी मंडळी रजेवर जातात. उरतात फूट, इंच, क्युसेक आणि वेळ. ‘आयर्विन पूल : ३८ फूट ६ इंच’ एवढाच मजकूर दर काही तासांनी, रात्री दोनला आणि पहाटे पाचलासुद्धा, गटागटांवरून फिरतो, आणि एरवी त्याचे एक अक्षर न वाचणारे सांगलीकर उशाशी भ्रमणध्वनी ठेवून त्याची वाट पाहतात. १९२९ मध्ये बांधलेल्या त्या पुलापाशी ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. माझ्या मते माहितीसाहेबाचे उत्कृष्ट गद्य ते हेच. आणि त्यात एकही क्रियापद नसते, हा योगायोग नव्हे.

तेव्हा नदीकाठच्या वाचकांस एवढीच विनंती, की आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. ४० चा संदेश आला म्हणजे तो कोणाच्या हस्ते आणि कोणाच्या प्रमुख उपस्थितीत आला याची चिकित्सा न करता सामान माडीवर न्यावे, आणि ४५ ची वाट न पाहता घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोहोचवावे.