पन्हाळ्यावर ढग धरताना

टाइमलॅप्ससाठी अ‍ॅपर्चर आणि फोकस एकदाच ठरवायचे आणि मग कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर, पावसाळ्यातल्या रविवारी, यातला दुसरा भाग जड जातो.

जागा सज्जा कोठीजवळची बरी. इथं संभाजीराजांना नजरकैदेत ठेवलं होतं असं सांगतात. टाइमलॅप्सवाला ती कैद स्वखुशीनं पत्करतो. ढग पळत असतील तर दर 5 सेकंदांना एक फ्रेम. अशा 300 फ्रेमना 25 मिनिटं लागतात आणि पडद्यावर 12 सेकंद दिसतात. एखादं कुटुंब कॅमेऱ्यापुढं उभं राहून गाडीचा एसी कुणी बंद केला यावर 5 मिनिटं भांडलं, तर ते भांडण 2.4 सेकंदांत मिटतं.

नवशिका हमखास एफ/22 लावतो. सगळंच शार्प पाहिजे असतं ना! पण एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि डोंगराच्या कडा मऊ पडतात. वर सेन्सरवरची धूळही उघडी पडते: ढग सगळे पुढं सरकतात, एक काळा ठिपका तेवढा आभाळात मुक्काम ठोकून असतो. एफ/8 ते एफ/11 पुष्कळ झालं.

खरी कटकट लुकलुकण्याची. लेन्सची पाती प्रत्येक फ्रेमला मिटतात, उघडतात, आणि दर वेळी नेमकी तेवढीच मिटत नाहीत. फरक केसाएवढा, पण फिल्म चालवली की दरी जत्रेतल्या दिव्यांच्या माळेसारखी लुकलुकते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर पाती हलतच नाहीत, मात्र जवळचं काही फ्रेममध्ये असलं तर ते धूसर होतं. त्यापेक्षा हातानं अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स बरी. माळ्यावर पडलेल्या काकांच्या लेन्सला असे दिवस येतात. ज्या कोल्हापुरात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी अख्खा कॅमेराच घडवला, तिथं एवढी खटपट चालून जावी.

फोकस मॅन्युअलच हवा. ऑटोवर ठेवला तर दरीत धुकं भरताच लेन्स काय धरू नि काय सोडू करत घरघरत राहते. फुल-फ्रेम कॅमेरा, 24 मिमी लेन्स, एफ/8 असेल तर सुमारे अडीच मीटरवर फोकस धरावा. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. पन्हाळ्यावर अडीच मीटरवर बहुधा कणसं भाजणाऱ्या मावशी असतात. लाइव्ह व्ह्यू मोठा करून त्यांच्या टोपलीच्या काठावर फोकस लावायचा आणि रिंगवर चिकटपट्टी मारायची.

“पिक्चर काढताय व्हय? आन् नटी कुटं हाय?”

“ढगांचा काढतोय, मावशी.”

“मग माझ्या बुट्टीकडं काय बघतायसा? ढग वर हाईत!”

दूरचा डोंगरच महत्त्वाचा असेल तर फोकस थेट डोंगरावर धरावा. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. बऱ्याच लेन्स अनंताच्याही पुढं फिरतात.

एवढं करून धुकं येतं आणि काचेवर दव धरतं. पुसताना रिंग हलली तर चिकटपट्टी काढून फोकस पहिल्यापासून. तोवर मावशी चार हात पलीकडं सरकलेल्या असतात, आणि त्यांना पुन्हा जागेवर आणायचं तर किमान दोन कणसं घ्यावी लागतात.